६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर २४ हजार पानं बसतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचनालयाने आपली जुनी दप्तरं आणि नियतकालिकांचे अंक स्कॅन केले आहेत. एकूण सुमारे २४ हजार पानं, दर पानाची एक जेपीजी फाइल, विंडोजमध्ये दिसणारा सरासरी आकार अडीच एमबी. प्रश्नकर्ते लिहितात: "६४ जीबी म्हणजे ६४ हजार एमबी. भागिले अडीच केलं तर २५,६०० फाइल बसायला हव्यात. म्हणून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला आणि सगळं एकाच फोल्डरमध्ये कॉपी करायला घेतलं. २१,८४४ फाइल झाल्यावर संगणक म्हणतो, फाइल तयार करता येत नाही. पण जागा तर अजून सहा जीबीच्या आसपास रिकामी दिसते. पेनड्राइव्ह खराब आहे का?"

पेनड्राइव्ह खराब नाही. तुम्ही फाइलींचा नेमका आकडा लिहिलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यातच आहे. तुमचा पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि तुमच्या फाइलींची नावं १४ ते २६ अक्षरांच्या दरम्यान आहेत. न बघता एवढं खात्रीने सांगता येतं, ते कसं हे पुढे येईलच. मात्र ही अडचण दूर केली तरी २५,६०० हा हिशेब खरा ठरणार नाही आणि तुमची २४ हजार पानं त्या पेनड्राइव्हवर बसणं कठीणच आहे.

आधी भागाकाराकडे बघू. तुम्ही दोन वेगवेगळ्या मापांतले आकडे एकमेकांना भागलेत. पेनड्राइव्हच्या वेष्टणावरचा जीबी दशमान असतो: ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. विंडोज मात्र एक केबी १,०२४ बाइटचा धरतं, एक एमबी १०,४८,५७६ बाइटचा आणि एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. म्हणून तुमचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ जीबी दिसतो आणि एक टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी. कंपनीने जागा चोरली असा समज यातूनच पसरला आहे. बाइट तेवढेच असतात, मोजण्याचं माप बदलतं. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये १,०२४ च्या पटीतल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावं दिली गेली, पण विंडोजने ती पडद्यावर आणलीच नाहीत. अॅपलने २००९ पासून मॅकवर दशमान मोजणी सुरू केली, त्यामुळे तोच पेनड्राइव्ह मॅकला लावला तर ६४ जीबीच दिसतो.

तुमचे अडीच एमबी विंडोजमधून आलेत, म्हणजे ते २६,२१,४४० बाइट आहेत. ६४ अब्जाला त्याने भागा: २४,४१४. नुसतं माप सरळ केल्यावर बाराशेच्या जवळपास पानं कमी झाली. यातून बाहेर पडायची माझी रीत साधी आहे. एमबी आणि जीबी विसरायचे आणि दोन्ही आकडे बाइटमध्ये घ्यायचे. पेनड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलीत की क्षमता बाइटमध्ये लिहिलेली असते. ती बघाच, कारण ६४ जीबीच्या सगळ्या पेनड्राइव्हवर पूर्ण ६४ अब्ज बाइट मिळतातच असं नाही. चिपमधला काही भाग कंट्रोलर (पेनड्राइव्हचा कारभार बघणारी आतली चिप) स्वतःच्या कामासाठी राखून ठेवतो, आणि विंडोजमध्ये ५७-५८ जीबी दाखवणारे पेनड्राइव्ह बाजारात भरपूर आहेत. वेष्टणावरच्या आकड्यावरून हिशेब करूच नये.

आता दुसरी गळती. फाइल डिस्कवर सलग ओतलेली नसते, ती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत ठेवली जाते. या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. फॉरमॅट करायच्या खिडकीत 'अलोकेशन युनिट साइज' लिहिलेलं असतं ते हेच. एका क्लस्टरमध्ये दोन फाइल राहत नाहीत. शेवटचा तुकडा अर्धवट भरला तरी तो पूर्ण त्या फाइलच्या नावावर जातो. फाइलींचे आकार वेगवेगळे असतील तर सरासरीने दर फाइलमागे अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरायचं. एवढ्या क्षमतेच्या फॅट३२ मध्ये क्लस्टर साधारणपणे ३२ केबीचा असतो, म्हणजे दर पानामागे १६ केबी गेले. एक्सफॅट या नव्या पद्धतीत विंडोज ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला १२८ केबीचा क्लस्टर देतं, तिथे दर पानामागे ६४ केबी जातात.

तुमच्या पानांना हे लावून बघा. अडीच एमबी म्हणजे २,५६० केबी. फॅट३२ वर २,५६० अधिक १६, म्हणजे २,५७६ केबीला एक पान. एकूण २४,२६२ पानं. एक्सफॅटवर २,६२४ केबीला एक पान, एकूण २३,८१८. एकीकडे २४ हजार पानं जेमतेम बसतात आणि दुसरीकडे बसत नाहीत. तेही सरासरी अडीच एमबी हा आकडा अचूक आहे असं मानून. तो तितका अचूक नसणार, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

अडीच एमबीच्या फाइलींना क्लस्टरचा फटका एक-दोन टक्क्यांचाच बसतो. लहान फाइलींचं मात्र गणितच उलटतं. तुम्ही पुढे ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन) दर पानाची वेगळी मजकुराची फाइल ठेवायचं म्हणालात तर काय होईल बघा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'कि' सहा बाइटचा, 'क्ष' नऊ बाइटचा. दोन हजार चिन्हांचं पान धरलं, त्यातल्या एकेका बाइटच्या मोकळ्या जागा वजा केल्या, तरी साडेपाच-सहा केबी होतात. २५ हजार पानांचा मजकूर मिळून दीडशे एमबीच्या आत येतो. पण एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर त्यातली प्रत्येक फाइल १२८ केबी अडवणार, म्हणजे दीडशे एमबीच्या मजकुराला तीन जीबीहून जास्त जागा. फाइल एका अक्षराची असली तरी ६४ जीबीच्या अशा पेनड्राइव्हवर ४ लाख ८८ हजारांच्या वर फाइल बसूच शकत नाहीत, कारण तितकेच क्लस्टर आहेत. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' हे दोन आकडे एकाखाली एक असतात. पहिला मजकुराचा, दुसरा खरोखर अडलेल्या जागेचा. पेनड्राइव्ह विकत घेताना दुसरा आकडा धरायचा. मात्र तो ज्या डिस्कवर मोजला त्या डिस्कपुरताच खरा असतो. संगणकातली डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची असते आणि तिचा क्लस्टर ४ केबीचा असतो, त्यामुळे तिथे सगळं आटोपशीर दिसतं आणि पेनड्राइव्हवर गेल्यावर फुगतं.

मॅकवरून कॉपी करत असाल तर आणखी एक गोष्ट. फॅट३२ किंवा एक्सफॅटवर मॅक बऱ्याचदा मूळ फाइलच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली लहान फाइल ठेवतो. असते चार केबीची, पण ती पूर्ण क्लस्टर घेते आणि यादीतल्या ओळीही खाते.

यादीतल्या ओळी म्हणजे काय, तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

वाचनालयात पुस्तक कपाटात ठेवण्याआधी दाखल नोंदवहीत चढवावं लागतं. फॅट३२ मध्ये प्रत्येक फोल्डरला अशी एक नोंदवही असते आणि तिच्या ओळी ठरलेल्या असतात: ६५,५३६. त्यातल्या दोन ओळी फोल्डर स्वतःसाठी वापरतो, उरतात ६५,५३४. जुन्या पद्धतीचं नाव, म्हणजे जास्तीत जास्त आठ इंग्रजी अक्षरं किंवा आकडे आणि पुढे तीन अक्षरांचं एक्सटेन्शन, एका ओळीत मावतं. नाव त्याहून लांब असेल किंवा देवनागरीत असेल तर त्याला जास्तीच्या ओळी लागतात, दर १३ अक्षरचिन्हांना एक. विंडोज ९५ मध्ये लांब नावांची सोय केली तेव्हा जुन्या प्रोग्रामना बाधा येऊ नये म्हणून ही रचना मुद्दाम अशी ठेवली गेली, आणि फॅट३२ मध्ये ती आजही तशीच आहे.

समजा तुमच्या एका फाइलचं नाव 'दप्तर_१९५८_पान_०१४३' असं आहे. 'दप्तर' मध्ये पाच चिन्हं (जोडाक्षरातला हलन्त मोजायचा), 'पान' मध्ये तीन, आकडे आठ, अधोरेषा तीन, म्हणजे १९. त्यात टिंब आणि जेपीजीची तीन अक्षरं मिळवली की २३. तेविसांना दोन ओळी, शिवाय जुन्या पद्धतीच्या छोट्या नावाची एक, मिळून तीन. ६५,५३४ भागिले तीन: २१,८४४. इथेच तुमची कॉपी थांबली. कपाटात जागा आहे, नोंदवहीच्या ओळी संपल्या आहेत. म्हणूनच संगणक 'जागा नाही' असं न म्हणता 'फाइल तयार करता येत नाही' म्हणतो. त्या संदेशावरून कारण कुणाच्याही लक्षात येणार नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

सरासरी नाव २७ चिन्हांचं असतं तर चार ओळी लागल्या असत्या आणि कॉपी १६,३८३ वर थांबली असती. म्हणूनच 'एका पेनड्राइव्हवर फाइल किती मावतात' याचं उत्तर फाइलच्या आकाराइतकंच तिच्या नावावर अवलंबून असू शकतं.

उपाय एका मिनिटाचा आहे. वर्षवार फोल्डर करा. ही मर्यादा पूर्ण पेनड्राइव्हला नसते, प्रत्येक फोल्डरला वेगळी असते. १९५८, १९५९, १९६० असे उपफोल्डर केलेत की ओळींचा प्रश्नच मिटतो. शिवाय वीस हजार फाइलींचा एक फोल्डर उघडायला लागणारा वेळ वाचतो, आणि दहा वर्षांनी ते बघणाऱ्याला हवं ते सापडतं. माझ्या मते एका फोल्डरमध्ये हजाराच्या वर पानं कधीच ठेवू नयेत, मग पद्धत कुठलीही असो. कॅमेऱ्यांमध्येसुद्धा डीसीआयएम या फोटोंच्या मुख्य फोल्डरच्या आतले फोल्डर क्रमांकवार असतात आणि फाइलींचे क्रमांक ९९९९ च्या पुढे जात नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे पेनड्राइव्ह एक्सफॅटने पुन्हा फॉरमॅट करणं (त्यावरचं सगळं पुसलं जातं, मूळ प्रत संगणकावर आहे याची आधी खात्री करा). एक्सफॅटच्या एका फोल्डरमध्ये सुमारे २७.९६ लाख फाइल जाऊ शकतात. तिचा मोठा फायदा मात्र वेगळाच आहे. फॅट३२ वर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी इतकीच असू शकते. तुम्ही एका दशकाची सगळी पानं जोडून एक पीडीएफ करायला गेलात तर अडीच एमबीच्या हिशेबाने १,६३८ पानांनंतर ती फाइल फॅट३२ वर जाणारच नाही, पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा असला तरी. सगळं एका झिपमध्ये बांधायचं म्हटलं तरी तीच अडचण, आणि जेपीजी आधीच आवळलेली (कॉम्प्रेस केलेली) असल्यामुळे झिप केल्याने जागा जवळपास वाचत नाही. फॅट३२ चा एकच गुण आजही टिकून आहे: जुना टीव्ही, जुना संगणक, गाडीतला स्टिरिओ, सगळे ती वाचतात. म्हणूनच काही पेनड्राइव्ह कारखान्यातून तसेच फॉरमॅट होऊन येतात. तुमचं काम संगणकावरच पाहण्याचं असेल तर एक्सफॅट घ्या.

आता सरासरीचा प्रश्न. अडीच एमबी कुठून आले? बहुतेक वेळा पहिल्या गठ्ठ्यातली दहा-वीस पानं बघून हा आकडा धरलेला असतो, आणि पहिला गठ्ठा चांगल्या स्थितीतला असतो. जुन्या कागदाचं तसं नसतं. ए४ पान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० बिंदू) स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत असेल तर न आवळता २६ एमबी, करड्या छटेत ८.७ एमबी, निव्वळ काळं-पांढरं असेल तर १.१ एमबी. हे आकडे पक्के आहेत, कुठलंही पान घ्या. जेपीजी केल्यावर मात्र आकार पानावर काय आहे त्यावर ठरतो. पांढऱ्या कागदावरची सुबक छपाई छान आवळली जाते. पिवळा पडलेला, डाग पडलेला, मागची शाई पुढे उमटलेला कागद आवळला जात नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो प्रत्येक डाग ही जपायची माहिती असते. त्याच दर्जाला एक पान दीड एमबीचं होतं आणि त्याच दप्तरातलं दुसरं चार एमबीचं. त्यामुळे जितकं दप्तर जुनं तितकी सरासरी वर सरकते.

नमुना घ्यायचाच असेल तर तो सगळीकडून घ्या: दर दशकातली काही, छापील आणि हस्तलिखित दोन्ही, तक्त्यांची पानंही. शंभर पानांचे बाइट मिळवा आणि शंभराने भागा. पानांचे आकार सरासरीच्या आसपास पाऊण-एक एमबी इकडेतिकडे होत असतील तर शंभराच्या नमुन्यावरून काढलेली सरासरी पाच-सात टक्क्यांनी चुकू शकते, हे संख्याशास्त्राचं साधं गणित आहे. म्हणून मी आलेल्या जागेवर दहा टक्के वर धरतो. तुमची पानं स्कॅन होऊन तयार आहेत, तेव्हा तुम्हाला नमुन्याचीही गरज नाही. सगळा फोल्डर निवडा, प्रॉपर्टीज उघडा, एकूण बाइट आणि फाइलींची संख्या दोन्ही समोर येतील. त्या बाइटमध्ये फाइलींची संख्या गुणिले अर्धा क्लस्टर मिळवा. ही बेरीज पेनड्राइव्हच्या बाइटपेक्षा निदान पाच टक्के कमी असली पाहिजे. तुमची नसणार. १२८ जीबीचा घ्या.

जागा वाचवायला पानं २०० डीपीआयवर आणावीत का, असं कुणीतरी सुचवेलच. बिंदू ४४ टक्क्यांवर येतात, फाइल निम्म्याच्या आसपास होते आणि तुमच्या हस्तलिखितातला अनुस्वार शाईच्या ठिपक्यापासून वेगळा ओळखता येत नाही. कृपा करून हे करू नका. दप्तर पुन्हा सोडून पुन्हा स्कॅन करताना कागद तुटतो, आणि जास्त क्षमतेच्या पेनड्राइव्हला लागणारे काहीशे रुपये त्यापुढे काहीच नाहीत. रंगीतऐवजी करडी छटा घेतली तर फाइल एक तृतीयांश होईल ही अपेक्षाही फोल आहे. न आवळलेल्या चित्रात तसं होतं, पण जेपीजी रंगाची माहिती आधीच बरीच कमी करून ठेवते, त्यामुळे प्रत्यक्षात बचत थोडीच होते. मजकुराची निव्वळ काळी-पांढरी छपाई असेल तर गोष्ट वेगळी. ती टिफमध्ये फॅक्सच्या जी४ पद्धतीने आवळली की एक पान शंभर केबीच्या आत येतं. पण ही पद्धत वाचण्याच्या प्रतीसाठी ठीक आहे, जपून ठेवायच्या प्रतीसाठी नाही.

व्याख्यानमालेची रेकॉर्डिंगही याच पेनड्राइव्हवर ठेवायचा तुमचा विचार असेल तर तिथे फाइली मोजू नका, तास मोजा. आवाज आणि चित्रफितीचा आकार लांबीवर आणि बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती बिट लागतात त्यावर, ठरतो, आणि बिटरेट बिटमध्ये लिहिलेला असतो, त्याला आठने भागल्यावर बाइट मिळतात. १२८ केबीपीएसचं एमपी३ सेकंदाला १६ हजार बाइट, तासाला ५७.६ एमबी घेतं. ६४ जीबीवर ११०० तासांवर बसतात. तेच व्याख्यान सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये तासाला ६३५ एमबी घेतं, म्हणजे शंभर तास. मोबाइलवर १७ एमबीपीएसने घेतलेली चित्रफीत तासाला ७.६५ जीबी खाते. आठ तास वीस मिनिटांत पेनड्राइव्ह भरला. (इथले जीबी दशमान आहेत.)

१२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेताना ओळखीच्या दुकानातून घ्या. काहीशे रुपयांत दोन टीबीचा म्हणून विकला जाणारा पेनड्राइव्ह बहुधा बनावट असतो. त्यातला कंट्रोलर संगणकाला खोटी क्षमता सांगतो. आत बत्तीस-चौसष्ट जीबीचीच चिप असते. फाइल कॉपी झाल्यासारख्या दिसतात, यादीत नावंही येतात, पण उघडायला गेलं की आत काही नसतं. नवा पेनड्राइव्ह आल्यावर त्यावर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवा, लिनक्स असेल तर एफ३. तो पूर्ण पेनड्राइव्ह भरून लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून तपासतो. १२८ जीबीला बराच वेळ लागतो, पण वाचनालयाच्या दप्तरासाठी तेवढा द्यावा. आणि ही एकच प्रत ठेवू नका. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला तर हळूहळू ओसरतो. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत हवीच.

कॉपी पूर्ण झाल्यावर मूळ फोल्डर आणि पेनड्राइव्हवरचा फोल्डर, दोन्हींच्या प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइज' चे बाइट शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले पाहिजेत. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही. क्लस्टर वेगळे असल्यामुळे तो वेगळाच येईल, त्याची काळजी करू नका. संख्या कमी भरली तर एकेका वर्षाचा फोल्डर घेऊन तीच तुलना करा, कुठलं पान राहिलं ते लगेच सापडेल.